फेरीमागे अर्धा लिटर

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही. मी पस्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. तास संपला की फळ्यावर लिहिलेले पुसून टाकता येते, आणि त्या सोयीच्या आधाराने माझी नोकरी पार पडली. आज सदुसष्टाव्या वर्षी प्रथमच असे काही लिहायला बसलो आहे, जे पुसता येणार नाही. भाषा जमेल की नाही, याची खात्री नाही. म्हणून आरंभीच वाचकांची क्षमा मागतो. आणखी एका माणसाची क्षमा मागायची राहून गेली आहे. ती आता मागता येणार नाही.

मी कोणाचेही नाव लिहिणार नाही. धरणाचेही नाही. आमच्या जिल्ह्यात इटियाडोहसारखे मोठे जलाशय आहेत आणि त्याहून लहान असे कितीतरी. त्यांतले वाचकांना जे आठवेल ते त्यांनी समजावे.

मी गोंदियाजवळ मुर्रीला राहतो. चार वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. गोंदियात त्याची भाताची गिरणी आहे. अलीकडे त्याने एका धरणावर सहलीला येणाऱ्या लोकांना मोटरबोटीतून फिरवण्याचे काम घेतले होते. एक फायबरची बोट, तिला मागे लावलेले पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन, आठ माणसांची बसण्याची सोय आणि एक वयस्क नावाडी, एवढा त्याचा पसारा होता.

"सर, एक छोटा काम होता," तो पाटावर पेरूंची पिशवी ठेवत म्हणाला. "गाडीचा जसा एव्हरेज निघतो ना, तसा बोटीचा काढून द्या. किती सवारी, किती पेट्रोल, बस."

"बोटीचा तसा निघत नाही," मी म्हणालो.

"काऊन नाही निघत? इंजिन तो इंजिन है."

मी त्याला समजावले. समजावण्यापुरता माझा संकोच गळून पडतो, हे माझे जुने दुखणे आहे. रस्त्यावरच्या गाडीचे पेट्रोल अंतरावर मोजता येते. बोटीचे मोजायचे ते वेळावर. इंजिन किती वेळ चालले आणि वेग वाढवणारी त्याची मूठ किती पिळलेली होती, यावर सारे अवलंबून असते. मूठ पूर्ण पिळली तर त्याचे इंजिन तासाला नऊ-दहा लिटर पिऊन टाकील. दोन तृतीयांशावर ठेवली तर पाचाच्या आसपास थांबेल, आणि वेग मात्र तेवढा कमी होणार नाही. त्यात माणसांचे वजन, समोरचा वारा आणि तळाला धरलेले शेवाळ यांचा भाग असतोच.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तेच तर सर. हे सगळं एका कागदावर लिहून द्या. आमचा म्हातारा हमेशा पेट्रोलची एक जादा डबकी भरून घेऊन जातो. पूछो तो बोलता है, एक वाटा जायचा, एक यायचा, एक वाऱ्याचा. आता वारा काय पेट्रोल पिऊन राहिला?"

तो हसला, आणि मीही हसलो. खरे तर नावाड्याचा नियम शहाणपणाचा होता. पुस्तकेही तेच सांगतात. हे मला त्याच वेळी माहीत होते. पण विद्यार्थ्याच्या विनोदावर न हसणे मला जमले नाही.

मोजणी करायला मी सोमवारी गेलो. सोमवारी फेऱ्या बंद असतात आणि नावाड्याची सुट्टी असते. हाच वार मी मुद्दाम निवडला. त्याआधी एकदा मी घाटावर जाऊन आलो होतो. नावाडी बोटीतले पाणी डब्याने उपसत होता. साठीच्या पुढचा, अंगाने वाळलेला. त्याने मान वर करून पाहिले आणि म्हणाला, "या जी. बसता का?" मी "सहज आलो होतो" असे पुटपुटून परतलो. ज्याच्या कामाचे माप काढायचे आहे, त्याच्याच समोर बसून ते काढणे मला अवघड वाटले. तो दुखावेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे कारण इतकेच होते की अनोळखी माणसाला प्रश्न विचारण्याची मला भीती वाटते.

सोमवारी इंजिनावर माझा विद्यार्थी स्वतः बसला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने निरोपाच्या वेळी मला एक लिटरचे काचेचे मोजपात्र दिले होते. ते मी टॉवेलात गुंडाळून नेले होते. टाकी खुणेपर्यंत भरायची, घाटावरून समोरच्या बेटापर्यंत जाऊन परत यायचे, आणि पुन्हा खुणेपर्यंत येण्यासाठी किती पेट्रोल लागते ते मोजायचे, अशी साधी पद्धत ठरवली. ते बेट म्हणजे पूर्वीची टेकडी. पाणी चढले तेव्हा तिचा माथा तेवढा वर राहिला. जाऊन-येऊन अंतर सहा किलोमीटर, वेळ चोवीस मिनिटे आणि पेट्रोल दोन लिटर.

वाटेत उजवी-डावीकडे जुन्या मोहाच्या झाडांचे खुंट पाण्यावर दिसत होते. मधला पट्टा मात्र मोकळा होता. एकही खुंट नाही, पाणी आरशासारखे.

"ये अपना हायवे," विद्यार्थी म्हणाला.

आम्ही तीन फेऱ्या केल्या. एक रिकामी, एक तांदळाची चार पोती ठेवून आणि एक आठ पोती ठेवून. पोत्यांमुळे थोडा फरक पडला, पण नजरेत भरण्याजोगा नव्हता. ऊन कोवळे होते, पेट्रोलचा आणि ओल्या शेवाळाचा वास येत होता, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझे आकडे माझ्यासमोर नीट रांगेत उभे राहत होते. मला फार आनंद झाला. तो आनंद मला आजही स्पष्ट आठवतो.

मी तक्ता केला. माणसे, वारा, लागणारा वेळ, लागणारे पेट्रोल, आणि वर राखीव म्हणून एक तृतीयांश. पत्नी म्हणाली, "एवढ्या सुबक अक्षरात तुम्ही लग्नाआधी मला पत्र लिहिलं असतं तर?" विद्यार्थ्याने त्यावर प्लास्टिकचा थर चढवून तो घाटावरच्या पत्र्याच्या खोलीत लावला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. फेरीमागे दोन लिटर लागायला हवेत आणि अडीच लागत आहेत. दिवसाच्या पाच फेऱ्या धरल्या तर रोज अडीच लिटर पेट्रोल नाहीसे होत होते.

"सर, आपका कागज गलत तो नहीं?"

त्याने हे नम्रपणे विचारले होते. माझा अभिमान दुखावला गेला. मी म्हणालो, "कागद बरोबर आहे. मी तीनदा मोजले आहे."

"मग म्हातारा पितो का पेट्रोल?"

 त्यावर मी जे वाक्य बोललो ते असे होते: "आकडे तर तसेच सांगतात."

आकडे काहीच सांगत नव्हते. सांगणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी त्याने मला घाटावर बोलावून घेतले. नको म्हणण्याचे धैर्य नसल्याने मी गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. फेऱ्या सुरू व्हायच्या होत्या. नावाडी टाकी उचलून, ती कानाजवळ धरून हलकेच हलवत होता. आत किती आहे ते तो आवाजावरून ओळखत असे.

"बाबा, हा कागद पाहा," विद्यार्थी म्हणाला. "सरांनी मोजला. दोन लिटर. तुम्हाला अडीच कायले लागते?"

नावाड्याने टाकी खाली ठेवली. पत्र्याच्या खोलीत जाऊन तक्ता वाचला. तो वाचताना बोट प्रत्येक ओळीवरून फिरवत होता. फार वेळ वाचला.

"कोन्या दिवशी मोजलं जी?" त्याने मला विचारले.

"सोमवारी," मी म्हणालो.

"सोमवारी," तो म्हणाला. मग विद्यार्थ्याकडे वळून, "तुमी चालवत होते?"

"हो. काऊन? मी चालवलं तर पेट्रोल कमी लागते काय?"

नावाड्याने माझ्याकडे पाहिले. त्याला काही सांगायचे होते असे नाही. मला काही विचारायचे आहे का, हे तो पाहत होता, असे मला आता वाटते. एकच प्रश्न पुरेसा होता: तुम्ही कोणत्या वाटेने जाता? प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलानेही तो विचारला असता. मी पायाखालच्या वाळूकडे पाहत राहिलो.

"गुरुजीनं मोजलं असंल तं बराबर असंल," तो म्हणाला. इंजिन चालू असताना नावाड्याच्या मनगटाला एक लाल दोरी बांधलेली असते. माणूस पाण्यात पडला तर तिचे दुसरे टोक इंजिनातून निसटते आणि ते बंद पडते. ती दोरी त्याने खिशातून काढून फळीवर ठेवली. शेजारी ती जादा डबकी ठेवली, भरलेली. मग चपला हातात घेऊन बांधावरून चालत गेला.

"देखा? एक शब्द बोलला नाही," विद्यार्थी म्हणाला.

नवीन नावाडी लगेच मिळाला. म्हाताऱ्याला मुलगा नव्हता. एकच मुलगी, आणि तिचा बाहेरगावचा नवरा त्यांच्याच घरी राहत होता. तो माझ्या विद्यार्थ्याच्या गिरणीत हमाली करत होता. विद्यार्थ्याने त्याला दोन दिवस शेजारी बसवून बोट शिकवली, आपल्या त्या मोकळ्या मधल्या वाटेने, आणि काम देऊन टाकले. पहिल्या आठवड्यानंतर मला फोन आला. फेरीमागे दोन लिटर, अगदी काट्यावर.

माझा तक्ता खरा ठरला होता. त्याच घरात सासरा बसून होता आणि जावई रोज संध्याकाळी त्याच्या चोरीचा पुरावा घेऊन घरी येत होता. मी त्या वेळी असा विचार केला नाही. मी पत्नीला सांगितले की तक्ता जुळला.

उन्हाळी धानासाठी पाणी सोडायला लागले त्या दिवसांत मी पुन्हा घाटावर गेलो. विद्यार्थ्याला दुसरी बोट घ्यायची होती आणि तिचाही तक्ता हवा होता. तो यायला उशीर होता म्हणून मी पत्र्याच्या खोलीतली वही चाळत बसलो. तिच्यात रोजच्या फेऱ्या आणि रोज टाकीत ओतलेले पेट्रोल लिहिलेले होते. म्हाताऱ्याच्या वेळची पाने मी प्रथमच पाहत होतो. पाच फेऱ्या, साडेबारा लिटर. चार फेऱ्या, दहा. सहा फेऱ्या, पंधरा. वाऱ्याच्या दिवशी थोडे इकडे-तिकडे, पण महिनोन्‌महिने फेरीमागचा तो अर्धा लिटर ढळलेला नव्हता.

मी मुलांना दरवर्षी शिकवत असे की मोजमापातल्या चुका दोन जातींच्या असतात. एक कधी या बाजूला जाते, कधी त्या बाजूला. तिला कारण शोधू नये. दुसरी दर वेळी एकाच बाजूला, एकाच मापाने जाते. ती दिसली की आधी आपली मोजण्याची रीत तपासावी. पेट्रोल चोरणारा माणूस एखाद्या दिवशी जास्त काढील, एखाद्या दिवशी भीतीने काढणारच नाही. एका फेरीच्या दिवशी नेमका अर्धा आणि सहा फेऱ्यांच्या दिवशी नेमके तीन लिटर कोण चोरील?

मी वही मिटली. विद्यार्थ्याची वाट न पाहता बांधाच्या पलीकडच्या वस्तीकडे चालत गेलो. धरणात बुडालेल्या गावाची माणसे तिथे वसवलेली आहेत.

म्हातारा अंगणात जाळे दुरुस्त करत बसला होता. मला पाहून त्याला आश्चर्य वाटले नाही. "या जी गुरुजी," म्हणाला आणि खाट ओढली. मुलगी धान्य पाखडत होती. ती पाणी देऊन आत गेली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

मी विचारला तो प्रश्न चार महिने उशिराने. "भाऊ, तुम्ही बेटाकडे कोणत्या वाटेने जात होता?"

त्याने सुतळी दाताने तोडली. "चाला," म्हणाला. "दाखवतो."

त्याच्याकडे लाकडाचा लहान डोंगा होता, मासेमारीचा. त्यात मला पुढे बसवून तो वल्हवू लागला. पाणी बरेच उतरले होते, खुंट आधीपेक्षा उंच दिसत होते. मधल्या मोकळ्या पट्ट्यापाशी आल्यावर त्याने डोंगा डावीकडे वळवला, खुंटांच्या बाहेरून, खूप लांबून. वळसा संपता संपेना. मनातल्या मनात मी अंतर धरत होतो. जाताना पाऊण किलोमीटर जास्त, म्हणजे येताना तेवढेच. दीड किलोमीटर, सहा मिनिटे, अर्धा लिटर. गणित सुटले.

"मधून कायले नाही जात?" मी विचारले. नकळत मी त्याच्या बोलीत विचारले होते.

त्याने त्या बाजूला बोट केले नाही. हनुवटीने दाखवले. "थे आमच्या गावाचं लेकराईचं रान होय. लहान लेकरू गेलं का जाळत नाई, पुरते. तुमच्याकडे बी तसंच असंल. म्हनून तिथं मोह नाई, काईच नाई. कोनी झाड लावत नोहतं." तो थोडा वेळ वल्हे पाण्यात धरून थांबला. "माही बहीन आहे थे. दीड वरसाची होती. मी नऊचा. बापासंगं मीच मीठ घेऊन गेल्तो."

पाण्यावर काहीही नव्हते. एक बगळासुद्धा नाही.

"धरनाचं पानी आलं तवा गावानं देव उचलून आनले. मारुती आनला, माता आनली. लेकरं कोन आनंल? माय म्हने, काई बी कर, वरून जाऊ नको. निजल्या लेकराले ओलांडत नाई. ओलांडलं का थे वाढत नाई."

हे मीही ऐकले होते. प्रत्येकाने ऐकले असेल. लहानपणी घरात धाकटा भाऊ सतरंजीवर निजलेला असे आणि आम्ही धावत त्याच्यावरून उडी मारली की आई ओरडत असे, उलटा ओलांड, परत ये. आम्ही परत उलटी उडी मारत असू म्हणजे दोष फिटे. त्या सोमवारी मी तीन फेऱ्या केल्या होत्या. जाताना तीनदा आणि येताना तीनदा. येतानाच्या फेरीने जातानाची फिटत असेल का, असा विचार माझ्या मनात आला. मी विज्ञानाचा शिक्षक आहे.

"मी उद्याच जाऊन सांगतो," मी म्हणालो. "तुमच्यावरचा आळ जायला हवा."

"नाई जी." त्याचा आवाज चढला नाही. "कोनालेच सांगू नका. घरी बी नाई."

"पण का?"

"आता जावई चालवते. थ्याले माहीत नाई तवरीक थ्याले पाप नाई. सांगतलं तं का होईल? रोज दहा डाव ओलांडा लागंल जानून-बुजून, नाई तं काम सोडा लागंल. वळसा घालतो म्हनला तं पेट्रोल जास्त लागंल. मंग तुमचा कागद हायेच." तो चक्क हसला. "आनि मालकाले कळलं तं थो तिकिटावर लिहीन, लेकराईचं रान दाखवतो म्हनून. लोकं फोटो काढाले येतील."

"आणि तुम्हाला चोर म्हणतात ते?"

"मले म्हनते ना. म्हनू द्या. मी उठून जवाब देऊ शकतो, देत नाई, येवढंच."

मी त्याला शब्द दिला; इथे कोणाचेही नाव नाही ते त्यामुळेच. वचने मी क्वचितच देतो. दिले की पाळतो, कारण मोडायला जे धैर्य लागते तेही माझ्याकडे नाही. क्षमा मात्र मागितली नाही. घाटाला लागेपर्यंत वाक्य जुळवत होतो, आणि जुळले तेव्हा तो डोंगा ओढून काठावर घेत होता, पाठमोरा.

तेव्हापासून साडेतीन वर्षे मी त्या फेऱ्या मोजतो आहे. मोजायच्या नाहीत असे ठरवूनही मोजतो. मुर्रीच्या रस्त्यावरून कोणाची दुचाकी हळू वेगात घरघरत गेली की मला ते इंजिन दोन तृतीयांशावर चाललेले ऐकू येते. सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे पहिली फेरी सुटते त्या वेळी, हातातले काम आपोआप थांबते. पाच गुणिले दोन. रविवार असेल तर सात गुणिले दोन. घरात फरशीवर टॉवेल पडलेला असला तरी मी त्याला वळसा घालून जातो. पत्नीने एकदा विचारले, "हे काय नवीन?" मी गुडघा दुखतो म्हणून सांगितले. पत्नीशी माझे हे पहिलेच खोटे. ते चटकन जमले. मोजपात्र कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. अर्ध्या लिटरच्या खुणेवर नजर जाऊ नये म्हणून ते मी भिंतीकडे तोंड करून ठेवले. काचेचे पात्र, दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते.

विद्यार्थ्याला मी दुसऱ्या बोटीचा तक्ता दिला नाही. तब्येतीचे कारण सांगितले.

या हिवाळ्यात म्हातारा वारला. तेराव्याला मी गेलो. मांडवाबाहेर दोन माणसे विडी ओढत बोलत होती. "कोन गेला?" "थो नाई का, पेट्रोलवाला." हे त्याचे नाव होऊन बसले होते, आणि म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईटही नव्हते.

निघताना मुलगी मागून आली. या खेपेला तिने सरळ माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, माहा बाप चोर होता काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग पेट्रोल कुठं जात होतं?"

 तिने बराच वेळ वाट पाहिली, तिच्या बापाने घाटावर पाहिली होती तशीच.

"तुमी एक डाव अजून मोजा," ती म्हणाली. "थे इंजिन तवा खराब असंल. पिस्टन घासला असंल, काई असंल. आमच्या घरचे म्हनते, मशीन बदलवली मालकानं मंग बराबर झालं असंल. तुमी मोजून कागद लिहून द्या. माह्या पोराईले शाळेत चिडवते."

इंजिन बदललेले नाही. ते तेच आहे. हे तिच्या नवऱ्याला माहीत असणार. बायकोच्या समाधानासाठी त्याने ते म्हटले असावे. तो भला माणूस आहे. त्या दिवशी त्यानेच मला मोटारसायकलवर बसवून रस्त्यापर्यंत सोडले आणि उतरताना म्हणाला, "या ना सर सोमवारी. तुमी म्हनाल तशी चालवतो."

मी सगळ्या वाटा तपासून पाहिल्या आहेत. खुंटांच्या भीतीने म्हातारा लांबून जात असे, असे सांगता येईल. पण मधल्या पट्ट्यात खुंट नाहीत हे जावई रोज पाहतो; तो कारण विचारील, वस्तीतल्या एखाद्या म्हातारीला तिथे पूर्वी काय होते असे विचारील आणि संध्याकाळपर्यंत सारे उघड होईल. मोजायलाच जाऊ नये, असेही मनात आले. मग ती माझ्या न जाण्याचा अर्थ लावील, आणि तो एकच लागतो. मधल्या वाटेने मोजले तर पात्रात दोन लिटर येतील आणि तिचा बाप माझ्या हातून दुसऱ्यांदा चोर ठरेल, या वेळी तिच्या डोळ्यांदेखत. बाहेरच्या वाटेने मोजले तर अडीच येतील, तो सुटेल, आणि तिचा नवरा त्या दिवसापासून जाणून ओलांडू लागेल किंवा घरी बसेल. शब्द मी मेलेल्या माणसाला दिला आहे. प्रश्न जिवंत बाईने विचारला आहे.

परवा मी मोजपात्र खाली काढले, धुतले आणि टॉवेलात गुंडाळून ठेवले. येत्या सोमवारी सकाळी मी घाटावर जाणार आहे. ती येईल, मुलांनाही आणील. जावई इंजिनापाशी बसेल, लाल दोरी मनगटाला बांधील आणि माझ्याकडे पाहील.

बोट कोणत्या वाटेने न्यायला सांगू?